रोज हिंजवडी, रविवारी ऑटोक्रॉस: हलकी मॅग व्हील कशी निवडावीत

पुण्यात नाना पेठेत मॅग व्हील (म्हणजे अलॉय चाकं) बघायला गेलात की दुकानदार आधी किती इंच ते विचारतो, मग रंग. वजनाचं नाव कुणी काढत नाही, कारण गिऱ्हाईकच ते विचारत नाही. पण तुमची एकच गाडी आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि सुट्टीला ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणांच्या मार्गावर वेळेविरुद्धची स्पर्धा) किंवा ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) जाणार असेल, तर सगळी निवड वजन आणि मजबुती या दोन गोष्टींवरच करायची आहे. त्यातही मजबुती आधी.

हलक्या चाकाने नक्की काय मिळतं

"चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले चार किलो" असली वाक्यं खूप ऐकू येतात. कागदावर मांडून बघा. फिरणाऱ्या वस्तूला पुढे ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून तिचं वजन जास्त भरतं हे खरं. पण १५ इंची रिमची कड मध्यापासून साधारण २० सेंटिमीटरवर असते आणि टायर रस्त्याला टेकतो तो ३१ सेंटिमीटरवर. हा हिशेब केला तर रिमच्या कडेवरचा एक किलो सुमारे १.४ किलोएवढा भरतो. प्रत्येक चाकात दोन किलो वाचवले, म्हणजे चार चाकांत आठ, तरी पिकअपच्या दृष्टीने गाडी अकरा किलोंनी हलकी झाली. ड्रायव्हर धरून टनभर वजनाच्या स्विफ्टमध्ये हा फरक जेमतेम एक टक्का.

खरा फायदा सस्पेन्शनमध्ये आहे. चाक, टायर आणि ब्रेक हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते कमी झालं की खडबडीत वळणावर चाक उसळून पुन्हा लवकर जमिनीला टेकतं, आणि टायर टेकलेला असेल तेवढीच ग्रिप. वरच्याच हिशेबाने टायरचा एक किलो रिमच्या किलोपेक्षा महाग पडतो, कारण तो आणखी बाहेर असतो. टायर घेताना त्याचंही वजन विचारा.

कास्ट, फ्लो फॉर्म्ड की फोर्ज्ड

कास्ट म्हणजे वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतून केलेलं चाक. स्वस्त असतं, पण मजबुतीसाठी धातू जाड ठेवावा लागतो, म्हणून जड. फ्लो फॉर्म्डमध्ये मधला भाग ओतीवच असतो, बाहेरचा पट्टा मात्र गरम असताना फिरवत, रोलरने दाबत ताणून काढतात. त्यामुळे पट्टा पातळ होऊनही चिवट राहतो. फोर्ज्डमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा घन ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवतात आणि मग मशीनवर कोरतात. जपानच्या रेज कंपनीचं टीई३७ हे त्यातलं गाजलेलं चाक, १९९६ साली आलेलं. नावातले ३७ म्हणजे ३.७ किलो, १५ इंची आणि ६ इंच रुंद चाकाचं वजन. आपल्याकडच्या हॅचबॅकचं कंपनीचं १५ इंची अलॉय साधारण साडेसहा-सात किलोंच्या घरात असतं, यावरून अंदाज घ्या.

दुहेरी वापराला माझं मत फ्लो फॉर्म्डच्या बाजूने. फोर्ज्डचा सेट लाखांत जातो, आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खचलेल्या चेंबरला त्याची किंमत कळत नाही. फोर्ज्ड चाक सहसा तडकण्याआधी वाकतं, हे मान्य. पण फक्त गुळगुळीत ट्रॅकसाठी हाडं काढलेलं अतिहलकं डिझाइन रोजच्या रस्त्यावर वापरणं म्हणजे पैशांना चाकं लावून सोडून देणं. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घ्या, लॅप टाइम (एका फेरीला लागणारा वेळ) त्यांनीच जास्त कमी होतो.

इंच वाढवू नका

इथेच बहुतेकांचा तोल जातो. १८५/६५ आर१५ म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के उंच आणि रिम १५ इंची. म्हणजे भिंत १२० मिलिमीटर उंच. १७ इंची रिमवर २०५/४५ चढवलात तर टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण भिंत ९२ मिलिमीटरवर येते. हरवलेले २८ मिलिमीटर खड्ड्यात गेल्यावर आठवतात. शिवाय मोठी रिम बहुधा जडही असते आणि वजन मध्यापासून लांब नेते, म्हणजे हलक्या चाकाचा हेतूच बुडाला.

मूळ व्यास ठेवा, हवी तर रुंदी अर्धा-एक इंच वाढवा. १९५/६० आर१५ हा टायर ६ किंवा ६.५ इंच रुंदीच्या रिमवर छान बसतो आणि स्पीडोमीटर जेमतेम एक टक्का हलतो. ऑटोक्रॉस मातीवर असेल तर उंच भिंत आणखीच कामाची. रिम आणि ब्रेकच्या कॅलिपरमध्ये थोडी मोकळी जागाही हवी, नाहीतर अडकलेला खडा आतून चाक कातरत राहतो. नाव नोंदवण्याआधी स्पर्धेच्या त्या क्लासचे नियम वाचा, कारण काही क्लासमध्ये रिमचा आकार मूळच ठेवावा लागतो.

मापं जुळवणं

पीसीडी म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट, आय२० आणि सिटीला ४×१००, पोलोला ५×१००. यात "थोडं इकडेतिकडे चालतं" असं म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा गोल भाग) घट्ट बसायला हवं. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, सिटीचा ५६.१, पोलोचा ५७.१. बाजारातल्या चाकांचं भोक मोठं असतं, म्हणून मध्ये रिंग टाकतात. ट्रॅकवर ब्रेक तापतात तेव्हा प्लॅस्टिकची रिंग मऊ पडू शकते. अ‍ॅल्युमिनियमचीच मागा.

ऑफसेट, म्हणजे रिमवर ईटी म्हणून लिहिलेला आकडा, म्हणजे चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. याला वेळ द्या. समजा मूळ रिम ६ इंची आणि ईटी ४५ आहे, नवीन ७ इंची आणि ईटी ३८. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट ७ ने घटला, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकलं. बाहेरची कड १९.७ मिलिमीटर बाहेर आली, आतली ५.७ आत गेली. आता गाडीत चार माणसं बसवा, स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) व स्ट्रटपाशी (चाकाच्या आतल्या बाजूचा सस्पेन्शनचा खांब) एवढी जागा उरते का ते मोजपट्टीने बघा. दुकानात जॅकवर लटकलेलं चाक बघून "बसतंय की दादा!" म्हणतात, तेव्हा सस्पेन्शन दबलेलं नसतं.

दुकानात

ताणकाटा सोबत न्या, रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा चालेल. टायर न चढवलेली रिम अडकवा आणि वजन वाचा. कॅटलॉगमधला आकडा पुष्कळदा दुसऱ्याच मापाचा असतो.

मग चाक पालथं घाला. मागे माप, ईटी आणि भारक्षमता कोरलेली असते. गाडीच्या पुढच्या-मागच्यापैकी जास्त जड अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त जेवढा भार येतो त्याच्या निम्म्याहून ती कमी नको. भारतीय मानक आयएस १६१९२ चं आयएसआय चिन्ह किंवा जपानचं जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए बघा. जेडब्ल्यूएल निर्माता स्वतःच्या चाचणीवर लावतो, व्हीआयए बाहेरच्या तपासणीनंतर मिळतं. चाक वाकवत हजारो फेरे फिरवणं, तिरकं ठेवून कडेवर वजन आदळणं अशा चाचण्यांतून पास झालेलं चाक आणि नुसतं तसं दिसणारं रेप्लिका, यातला फरक पुढून कळत नाही.

जुना सेट घेत असाल तर बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आतल्या कडेकडे नजर ठेवा. कड लाटेसारखी हलली तर रिम वाकलेली आहे. आतून वेल्डिंगचा टाका किंवा एकाच जागी ताजा रंग दिसला, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

बसवल्यावर

नटाची बैठक, म्हणजे नट चाकाला टेकतो तो भाग, जुळवा. बाजारातल्या चाकांना सहसा शंकूच्या आकाराची लागते, होंडाच्या मूळ नटांची आणि फोक्सवॅगनच्या बोल्टची गोल असते. चुकीची जोडी घट्ट वाटते, पण टेकते फक्त कडेवर. नवे नट घेतले तरी जुने डिकीत ठेवा, स्टेपनीच्या लोखंडी रिमला तेच लागतील.

आवळताना एअर गनवर भिस्त ठेवू नका. टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पान्हा) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळा (सिटीला १०८ न्यूटन मीटर, पोलोला १२०), आणि ५०-८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक रनआधी.

विमा कंपनीला नव्या चाकांची लेखी कल्पना द्या. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगचा वापर वगळलेला असतो, म्हणजे ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसमध्ये चाक तुटून गाडी भिंतीला लागली तर तो खर्च तुमच्या खिशातून. बजेट मांडताना ही ओळ आधी लिहा.