भाजी आवडत नाही? आधी तिच्यातलं नेमकं काय आवडत नाही, ते शोधा

पंचविशी ओलांडेपर्यंत मी बटाटा सोडून एकही भाजी मनापासून खाल्ली नव्हती. शाळेत डबा संपवल्याशिवाय उठू देत नसत. गार झालेली चिकट भेंडी डोळे मिटून गिळलेली मला अजून आठवते. पुढे कित्येक वर्षं भेंडीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. मग एकदा मावशीकडे ताटात कुरकुरीत, कडा खरपूस झालेली भेंडी आली आणि मी ती दोनदा मागून घेतली. तेव्हा लक्षात आलं, माझं वैर भेंडीशी नव्हतंच. ते त्या बुळबुळीतपणाशी होतं.

भाजी खायला शिकायची तर सुरुवात इथूनच करावी.

१. यादी करा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहा

न आवडणाऱ्या भाज्या कागदावर उतरवा. पुढे नुसतं ‘आवडत नाही’ लिहू नका. कडू, बुळबुळीत, उग्र वास, गिळगिळीत, चोथा, यांपैकी जे खरं असेल ते लिहा. दहा-बारा भाज्यांची कारणं बहुधा तीन-चारच निघतात आणि स्वयंपाकात त्या प्रत्येकावर उपाय आहे.

कडूपणाबद्दल एक सांगायलाच हवं. काही माणसांच्या जिभेला कडू चव खरोखरच जास्त तीव्र लागते. ‘टीएएस२आर३८’ नावाच्या जनुकावर ते बरंचसं अवलंबून असतं. त्यामुळे ‘नखरे करू नकोस’ असं ऐकत मोठे झाला असाल, तर तो दोष मनातून काढून टाका.

२. एकच भाजी निवडा, पंधरा दिवस तिच्याच मागे लागा

भेंडीच घेऊ. मंडईत स्वतः जा. भेंडीचं शेपूट बोटाने मोडून पाहा. कट्‌कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. (भाजीवाल्या मावशी ओरडतील, तेव्हा एखाद-दुसरीच मोडा.) पाव किलो पुरे.

घरी आणल्यावर आधी धुवा, मग पंचावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. घाई असेल तर एकेक पुसा. चिरल्यावर पुन्हा धुवायची नाही. सुरी आणि पाटही कोरडे हवेत. भेंडीतल्या चिकट द्रवाला पाणी मिळालं की तो वाढतो आणि तार धरतो.

जाड बुडाच्या पसरट लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल तापवा. मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी करा. भेंडी एका थरात मावेल एवढीच घाला आणि झाकण ठेवू नका, कारण झाकणाखालची वाफ पाणी होऊन कढईतच पडते. दोन मिनिटांनी दोन-तीन आमसुलं टाका. आंबटाने तार तुटते. सारखं ढवळत बसू नका, नाहीतर फोडी मोडून चिकटपणा बाहेर येतो. साधारण पंधरा मिनिटांत कडा तपकिरी होतील. मीठ त्यानंतर, कारण मिठानेही पाणी सुटतं. एक फोड चिमटीत धरून उचला. मागे तार आली नाही की गॅस बंद करा आणि लगेच वाढून घ्या.

३. घास छोटा ठेवा, पण पुन्हा पुन्हा घ्या

सुरुवातीला एक चमचा बास. मात्र तो जेवणातला पहिला घास असू द्या, भूक लागलेली असताना. लहान मुलांवरच्या अभ्यासांत दिसलंय की नवी भाजी पसंत पडायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. मोठ्यांनीही तेवढा धीर धरायला हवा. एकदा खाऊन तोंड वाकडं झालं म्हणून निकाल लावू नका.

भाजी लपवून खाण्याच्या मी विरोधात आहे. पराठ्याच्या कणकेत दुधी किसून घातला तर पोटात जातो, पण जिभेची आणि त्याची ओळख होत नाही. थालीपीठात मेथीची पानं दिसतात आणि लागतातही, म्हणून ते चालेल.

मुलांना शिकवत असाल तर बळजबरी मुळीच नको. माझी भेंडी पंधरा वर्षं त्यापायीच गेली.

४. बाकीच्या भाज्यांचे उपाय

कोबी-फ्लॉवरचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि जास्त शिजवलं की तो वाढतो. म्हणून कोबी आधी कच्चाच खाऊन पाहा: स्वच्छ धुऊन अगदी बारीक चिरा, लिंबू, मीठ, दाण्याचं कूट घाला आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी द्या. फ्लॉवरचे तुरे तव्यावर तेलात खरपूस परता.

वांगं गिळगिळीत लागत असेल तर काप करा. तिखट-मीठ लावून, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. दोडका नकोसा वाटत असेल तर आधी त्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी करा. दुधी चिरला की एक छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. तो विषारी असू शकतो, तिथे सवय करून घेण्याचा प्रश्नच नाही.

मेथीला बेसन पेरा आणि लसूण सढळ हाताने घाला. जानेवारीत बाजारात पावटा, गाजर, मटार, ओला हरभरा, सगळं कोवळं मिळतं. पहिल्यांदाच चार भाज्या एकत्र खायच्या असतील तर तीळ घातलेल्या भोगीच्या भाजीइतकी चांगली संधी वर्षात दुसरी नाही.

रोज किती खावं? जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते. बटाटा त्यात धरत नाहीत, हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटलं होतं. तिथवर पोचायला माझे काही महिने गेले. ज्यांना मोजकेच दोन-चार पदार्थ चालतात, बाकी काही तोंडात घेतलं की उमासे येतात किंवा वजन उतरत चाललंय, त्यांनी मात्र डॉक्टरांना दाखवावं.

कारलं अगदी शेवटी घ्या. पातळ चकत्या करून मीठ चोळा, अर्ध्या तासाने घट्ट पिळा. मिठाने कडू पाणी निघतं आणि जिभेला उरलेला कडूपणाही कमी जाणवतो. चिंच-गूळ, कूट घालून मंद आचेवर कुरकुरीत होईस्तोवर परता. गरम वरणभाताशेजारी तीन चकत्या वाढून घ्या. कारल्याची सुरुवात मी तेवढ्यावरच केली होती.