वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करताय? या चुका टाळा

वकिलानं फी घेऊन दावाच लावला नाही, तारखांना दांड्या मारल्या, मूळ कागद दाबून ठेवले. पक्षकार चिडून बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंद आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, तक्रार ठोकतो आणि पुढं म्हणतो, 'तिथं काही होत नाही.' बऱ्याचदा खोट अर्जातच असते.

सगळ्यात महागात पडते ती समजूत अशी की तक्रार केली म्हणजे आपली केस सावरेल. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिलची शिस्तपालन समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, सनद (वकिलीचा परवाना) काही काळ निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून, म्हणजे वकिलांच्या नोंदवहीतून, काढू शकते. तुमचा निकाल ती फिरवत नाही. तुमच्या बाजूनं कोणी हजर नसताना एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला असेल तर रद्द करून घ्यायला सर्वसाधारणपणे 30 दिवस मिळतात. गैरहजेरीत निकाली निघालेला दावा पुन्हा फाइलवर घ्यायलाही तेवढेच. म्हणून आधी दुसरा वकील गाठा, मुदत गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज द्या. फी थकली म्हणून जुना वकील केसचे कागद अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्येच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. ग्राहक आयोगाचे खेटे मात्र घालू नका. ती वाट सर्वोच्च न्यायालयाच्या 14 मे 2024 च्या निकालानं बंद झाली.

'मला फसवलं' असं चार पानं लिहिण्यापेक्षा कोर्टाच्या रोजनाम्याची (दर तारखेच्या नोंदीची) सही-शिक्क्याची नक्कल जोडा. कोणत्या तारखेला कोण गैरहजर होतं, हे त्यात उतरलेलं असतं. सोबत वकीलपत्र आणि पैसे दिल्याचा पुरावा. केस हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. समोरच्या पक्षाच्या वकिलावरचा राग काढायलाही ही जागा नाही. अशा तक्रारी सहसा टिकत नाहीत.

वकील कुठं प्रॅक्टिस करतो यापेक्षा त्याचं नाव कोणत्या राज्याच्या पटावर आहे ते बघा. वकीलपत्रावरच्या सनद क्रमांकावरून कळतं. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे. अर्ज मराठीत चालतो, पण सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची ग्वाही) हवंच.

वकिलानं पैसे परत केले म्हणून तक्रार मागे घेतली, तरी तेवढ्यावरून चौकशी थांबत नाही. वर्षभरात निर्णय झाला नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जातं. राज्य समितीचा आदेश पटला नाही तर तो कळल्यापासून 60 दिवसांत अपीलही तिथंच, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात.