एसटीची सवय असणाऱ्यांनी बुसान कसं फिरायचं : मेट्रो, बस अन् ती छोटी गावबस

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, समुद्र इथून कोणत्याही बाजूनं निघा, दिवसभराच्या प्रवासावर. भाऊ बुसानला शिकायला गेला म्हणून मागच्या वर्षी मी आई-बाबांना घेऊन दहा दिवस तिकडं राहून आले. बुसान म्हणजे दक्षिण कोरियाचं सोलनंतरचं सगळ्यात मोठं शहर, देशाच्या आग्नेय टोकाला अगदी समुद्राला लागून. भाऊ दिवसभर लॅबमध्ये, त्यामुळं आम्ही तिघं रोज सकाळी डबा भरून निघायचो अन् संध्याकाळी परत, अन् दहा दिवसांत टॅक्सी केली फक्त एकदा. आता गावातले अजून दोन-तीन पोट्टे कोरियात शिकायला जायचं म्हणतात अन् त्यांचे मायबाप मला विचारतात की भाषा येत नाही, वाचता येत नाही, मग तुम्ही फिरले कसे. खरं सांगते, ज्याला नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर गर्दीत आपली गाडी शोधून जागा पकडता येते त्याला बुसान जड नाही. फक्त चार गोष्टी आधी माहीत पाहिजे.

पहिले शहराची ठेवण समजून घ्या, मग सगळं सोपं होते. बुसानमध्ये सपाट जागा कमी, डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरलेले. १९५० ते ५३ मध्ये कोरियात युद्ध झालं तेव्हा बुसान ही देशाची तात्पुरती राजधानी होती, लाखो लोक जीव मुठीत धरून इथं आले, अन् जिथं जागा दिसली तिथं म्हणजे डोंगराच्या उतारावर घरं बांधत गेले. म्हणून आजही अर्ध शहर खाली अन् अर्ध वर आहे. मेट्रो खालच्या भागातून जाते, मोठी बस मधल्या रस्त्यांनी, अन् वरच्या वस्तीत जायला एक छोटी बस असते जिला ते लोक मऊल बस म्हणतात. मऊल म्हणजे गाव. गावबस! बाबांना हे सांगितलं तर ते एकदम खूश, म्हणे "मंग त जमते आपल्याले."

आता भाड्याचं कार्ड. टी-मनी किंवा कॅशबी, दोन्हीपैकी कोणतंही चालते, सीयू, जीएस२५, सेव्हन-इलेव्हन अशा कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत मिळते. कार्डाचे पैसे वेगळे अन् आत टाकायचे पैसे वेगळे, अन् आत टाकायला रोख नोटा लागतात, म्हणून खिशात थोडे वॉन ठेवाच. तेच कार्ड मेट्रोला, बसला, गावबसला, अन् सोलला गेलात तर तिथंही. आम्ही गेलो तेव्हा मेट्रोचं कार्डानं भाडं जवळच्या टप्प्याला १६०० वॉन अन् लांबच्या टप्प्याला १८०० वॉन होतं, बसचं १५५०. म्हणजे आपले शंभर रुपयांच्या आसपास. माणशी एक कार्ड घ्या, एकाच कार्डावर घरभर फिरायचा नाद करू नका, कारण मेट्रोच्या गेटमधून एका कार्डावर एकच माणूस आत जातो. अन् रोख पैशाच्या भरवशावर बसमध्ये चढायचंच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते, हे नीट वाचा. बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं हे सगळ्यांना समजते, पण उतरतानासुद्धा मागच्या दाराजवळच्या मशीनला टेकवायचं. उतरताना टेकवलं की पुढच्या ३० मिनिटांत दुसरी बस किंवा मेट्रो पकडली तर नवीन पूर्ण भाडं कापत नाही, फरक असला तर तेवढाच कापते. असं दोन वेळा बदलता येते. फक्त त्याच नंबरच्या बसमध्ये परत चढलात तर ही सवलत नाही. पहिल्या दिवशी बाबा उतरायच्या गडबडीत कार्ड न टेकवताच खाली उतरले अन् पुढं मेट्रोच्या गेटवर माझे अन् आईचे पैसे वाचले, बाबांचे पूर्ण कापले गेले. त्यांना ते लागलं. १६०० वॉन काही फार नाही, पण कास्तकार माणूस, फुकट गेलेला पैसा रात्रीपर्यंत डोक्यात राहतो. दुसऱ्या दिवसापासून थांबा यायच्या आधीच कार्ड हातात, अन् टिंग आवाज आल्याशिवाय मशीनवरून हात काढायचे नाही. मागची माणसं थांबायची, कोणी काही बोलायचं नाही.

मेट्रोमध्ये नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका, नंबर पाठ करा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिले दोन दिवस वाचले असते. प्रत्येक स्टेशनला तीन आकडी नंबर आहे अन् पहिला आकडा म्हणजे लाइन. लाइन १ नारंगी, २ हिरवी, ३ तपकिरी, ४ निळी. हेउन्दे २०३, ग्वांगआन २०९, नाम्पो १११, जागालची ११०, बुसान रेल्वे स्टेशन ११३. सोम्योन हे मधलं मोठं जंक्शन, आपल्या बडनेऱ्यासारखं समजा, तिथं १ अन् २ नंबरची लाइन मिळते म्हणून त्याला दोन नंबर, ११९ अन् २१९. बाबांनी एका छोट्या वहीत हे आकडे लिहून घेतले होते अन् गाडी कोणत्या दिशेला चालली ते आकडा वाढतो का कमी होतो यावरून सांगायचे, तिसऱ्या दिवसानंतर मला मोबाइल काढायची गरजच पडली नाही. एक गंमत, लाइन १ दक्षिणेकडं २०१७ मध्ये पुढं वाढवली तेव्हा १०१ च्या खाली जायची वेळ आली, म्हणून शेवटचं दादेपो स्टेशन ०९५ आहे. तिथं गोंधळू नका, लाइन १ च आहे ती.

विमानानं थेट बुसानला म्हणजे गिम्हे विमानतळावर उतरलात तर बाहेरच लाइट रेल आहे, ड्रायव्हर नसलेली छोटी गाडी. तिनं तिसरं स्टेशन सासांग, तिथून हिरवी लाइन. आम्ही दिल्लीवरून सोलला उतरलो अन् तिथून केटीएक्स रेल्वेनं आलो, अडीच-पावणेतीन तासांत बुसान स्टेशन, उतरलं की खालीच मेट्रो. व्हिसा आपल्याला आधीच काढावा लागते, अन् घड्याळ साडेतीन तास पुढं करा.

मोबाइलमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाकून घ्या, इंग्रजीत चालते. गूगल मॅपनं बस-मेट्रो दाखवली आम्हाला, पण पायी रस्ता काही धड दाखवला नाही, अन् बुसानमध्ये शेवटचं दोनशे मीटरच खरं असते, कारण नकाशावर शेजारी दिसणारं घर चार मजले वर निघू शकते. मेट्रो स्टेशनमधून बाहेर पडायचं गेट कोणतं ते ॲपमध्ये आकड्यानं दिलेलं असते, तो आकडा आत असतानाच पाहून ठेवा. चुकीच्या गेटनं बाहेर निघालं की आठ पदरी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, मग परत खाली उतरा.

बसचं असं आहे की थांब्यावर पाटीवर किती मिनिटांत येते ते दिसते, आपली आली की हात दाखवा, पुढून चढा, मागून उतरा, थांबा यायच्या आधी लाल बटण दाबा. चढल्या चढल्या काहीतरी पकडा, ड्रायव्हर लोक गाडी जोरात काढतात. डबा उघडून खायचं नाही, चहाचा उघडा कप घेऊन चढायचं नाही. मेट्रोच्या डब्यात दोन्ही टोकांना म्हाताऱ्या माणसांच्या जागा असतात, तरणी पोरं उभी राहतील पण तिथं बसणार नाहीत. गर्भवती बायांच्या जागा गुलाबी रंगाच्या, त्या रिकाम्या दिसल्या तरी सोडून द्या. फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, हे मी आईला दोनदा हळूच सांगितलं, मग तिनं स्वतःहून फोन पिशवीत टाकून दिला.

आता गावबस, म्हणजे माझ्या मते बुसानमधली सगळ्यात चांगली गोष्ट. गामचोन नावाची डोंगरावरची रंगीत वस्ती आहे, फोटोत सगळ्यांनी पाहिली असेल, एकावर एक डब्यांसारखी निळी-गुलाबी-पिवळी घरं. युद्धाच्या काळात गरीब लोकांनी वसवलेली, अन् २००९ पासून कलाकार अन् तिथल्या लोकांनी मिळून रंगवली, सजवली. जायला लाइन १ नं तोसोंग म्हणजे १०९ नंबरला उतरा, ६ नंबरच्या गेटनं वर या, जवळच थांबा आहे, तिथून सोगू २, सोगू २-२ किंवा साहा १-१ या छोट्या बस जातात. बस आपल्या काळीपिवळीपेक्षा थोडी मोठी असेल. आमच्या बसमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या होत्या, ड्रायव्हरला नावानिशी ओळखणाऱ्या, चढल्या की बोलणं सुरू. मग रस्ता असा काही वर चढला की मी दांडा दोन्ही हातांनी धरला, एका बाजूनं भिंत, दुसऱ्या बाजूनं कोणाच्या तरी घराचं छप्पर, समोरून दुसरी बस आली तर ही मागं सरकून जागा देते. बाबा पुढच्या सीटवर, मागं वळून म्हणाले, "हा घाट नाही पोरी, हे त भिंत हाये." शेजारच्या आजीनं आईचा हात धरून तिला आपल्या जागेवर सरकवून घेतलं अन् हसत काहीतरी बोलली, आईनं मराठीतच उत्तर दिलं, दोघींचं तसंच चाललं शेवटपर्यंत. तिथं एक लक्षात ठेवा, गामचोनमध्ये अजूनही लोक राहतात, दारासमोर उभं राहून आरडाओरडा अन् खिडकीतून आत फोटो काढायचा नाही. सकाळी लवकर जा, दहानंतर गर्दी वाढते.

समुद्र पाहायला सगळे हेउन्देला धावतात. चांगलंच आहे ते, २०३ ला उतरून सरळ चालत गेलं की वाळू. ग्वांगआनला संध्याकाळी जा, समोर समुद्रावरचा ७.४ किलोमीटरचा पूल दिव्यांनी उजळतो. पण कोणी माझं ऐकत असेल तर आई-बाबांना पहिला समुद्र दादेपोचा दाखवा, लाइन १ चं शेवटचं स्टेशन, बाहेर निघालं की किनाराच, अन् तिकडं सूर्य समुद्राच्या बाजूला मावळतो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं अन् ओल्या वाळूवर एकसारख्या रेषाच रेषा. बाबा चप्पल हातात घेऊन बराच वेळ खाली पाहात राहिले अन् म्हणाले, "आताच वखरलेलं वावर हाये हे." आई पुढं चालत चालत घोट्याएवढ्या पाण्यात गेली, पाणी तिथं उथळच असते त्यामुळं भीती नाही. अंधार पडेपर्यंत दोघंही निघायला तयार नव्हते. मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते, म्हणून घाई करायचं कारणही नव्हतं.

समुद्राला चिकटलेलं हेदोंग योंगगुंगसा नावाचं बौद्ध मंदिर पाहायचं असेल तर हेउन्देवरून १८१ नंबरची बस, थांब्यापासून दहा-पंधरा मिनिटं चालणं अन् मग १०८ पायऱ्या उतरायच्या. उतरताना बरं वाटते, येताना त्याच चढायच्या आहेत, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी विचार करून जा. तेजोंगदेच्या कड्यांना जायला नाम्पोवरून ८ किंवा ३० नंबरची बस.

अन् हे तर कोणत्याच गाइडवाल्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं, भावानं सांगितलं. गुपो नावाचा मोठा बाजार आहे, तो तसा रोजच असतो पण तारखेत ३ किंवा ८ आली की म्हणजे ३, ८, १३, १८, २३, २८ ला पाचव्या दिवसाचा बाजार भरतो, आपल्या आठवडी बाजारासारखा, खेड्यापाड्यांतून लोक माल घेऊन येतात. दोकचोन स्टेशनला उतरा, २ अन् ३ दोन्ही लाइन तिथं आहेत. लसणाच्या जुड्या, पालेभाजी, मुळे, सुकलेली मासोळी, अन् लाल मिरचीची मोठमोठी पोती. आईनं एका पोत्यातली मिरची उचलून मोडली, वास घेतला, बी पाहिलं, आमच्याकडं भिवापुरी मिरची पाहते तशीच. विकणारी बाई तिच्याकडं पाहातच राहिली अन् मग तिनं स्वतः दुसऱ्या पोत्यातली चांगली काढून दिली. मिरची आपल्यापेक्षा गोडसर, तिखट कमी. हा बाजार सोडू नका.

शाकाहारी लोकांना थोडी अडचण आहे, साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही मासोळीचा अर्क असतो. बिबिमबाप म्हणजे भात-भाज्यांचा वाडगा मागा अन् "गोगी पे जुसेयो" म्हणजे मांस काढून द्या असं सांगा. नाम्पोजवळ बिफ चौकात (हे नाव बुसानच्या चित्रपट महोत्सवावरून, मांसाशी संबंध नाही) सिआत होत्तोक म्हणजे पोळीसारखं गोड खाणं मिळते, आत साखर अन् वरून भोपळ्या-सूर्यफुलाच्या बिया, तिघांनाही फार आवडलं. आम्ही घरून चिवडा, दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी नेली होती, तुम्हीपण न्या.

वयस्कर माणसं सोबत असतील तर प्रत्येक स्टेशनवर लिफ्टचं चिन्ह पाहून चाला, थोडं लांब पडलं तरी चालते, पायऱ्या खूप आहेत. स्वच्छ संडास स्टेशनवरच फुकट असतात, ही आईच्या दृष्टीनं मोठी सोय. कुठं अडलं तर १३३० ला फोन लावा, पर्यटकांसाठीचा नंबर आहे, इंग्रजीत बोलतात. पोलिस ११२, ॲम्ब्युलन्स ११९. प्रत्येकाच्या खिशात राहत्या जागेजवळच्या स्टेशनचा नंबर अन् पत्ता कोरियन अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आमची चिठ्ठी भावानं लिहून दिली होती, एकदा बाबा जागालचीच्या बाजारात मागं राहिले तर एका दुकानदारानं ती वाचून त्यांना स्टेशनच्या गेटपर्यंत आणून सोडलं.

निघायच्या दिवशी कार्डात पैसे उरले तर त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात सामान घेताना कार्डानं देता येतात. आईनं तिघांची कार्डं एकामागून एक टेकवून नातवंडांसाठी बिस्किटं घेतली, शेवटच्या कार्डात सासांगवरून विमानतळापर्यंतचं भाडं तेवढं ठेवायला लावलं बाबांनी.