वस्तीत सिकलसेलची तपासणी घ्यायची असेल तर

सिकलसेल हा आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. त्याच्या शिबिराची तारीख काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा: पॉझिटिव्ह निघालेल्यांची पुढची तपासणी कुठे होणार आणि किती दिवसांत? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून याचं उत्तर मिळालं नसेल, तर शिबिर पुढे ढकला. अर्धवट निदान करून घरच्यांच्या जिवाला घोर लावण्यापेक्षा ते बरं.

काटोल-नरखेडकडे संत्रातोडीला, कपाशीच्या पट्ट्यात वेचणीला माणसं सकाळीच निघून जातात. म्हणून गावात आठवडी बाजाराचा दिवस धरा, त्या दिवशी मजुरीला बहुधा सुट्टी असते. नागपूर शहरातल्या वस्तीत रविवारची सकाळ बरी. आशाताई दोन दिवस आधी घरोघरी फिरल्या असतील तर बाया येतात, नुसत्या भोंग्यावर येत नाहीत.

बोटातून रक्त प्रशिक्षित तंत्रज्ञच घेतील. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे किटमधल्या द्रावणात रक्त मिसळून करायची प्राथमिक चाचणी. तिचं नेहमीचं माप असं: नळीत २ मिली द्रावण, त्यात पिपेटने २० मायक्रोलिटर रक्त. किटवर वेगळं माप असेल तर तेच पाळा. हलकं मिसळून ५ मिनिटं थांबा, मग काळ्या रेघांचा कागद नळीमागे धरा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण ढगाळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

चुका बहुतेक इथेच होतात. द्रावण उन्हात राहिलं की खराब होतं, म्हणून ते आइसबॉक्समध्ये न्या, पण वापरताना खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रक्त जास्त पडलं तर नळी उगाच गढूळ दिसते, कमी पडलं तर रुग्ण सुटतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर निगेटिव्हवर विसंबू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ही टेस्ट लावूच नका. दिवसाची सुरुवात एका माहीत असलेल्या पॉझिटिव्ह आणि एका निगेटिव्ह नमुन्याने करा. त्या दोन नळ्याच बरोबर आल्या नाहीत, तर पुढचे सगळे निकाल वाया. वापरलेल्या लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

ढगाळ नळीवरून माणूस एएस पॅटर्नचा वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला) आहे की एसएस पॅटर्नचा रुग्ण (दोष दोघांकडून आलेला), हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी लागते. तोवर कुणालाही “तुम्हाला सिकलसेल आहे” असं सांगू नका. वाहकाला औषध लागत नाही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते.

निकाल मांडवात नाव पुकारून देऊ नका. या एका चुकीपायी मुलींची ठरलेली लग्नं मोडू शकतात. बाजूला खोली घ्या, बंद पाकीट द्या, लहान मुलाचा निकाल फक्त आई-वडिलांना सांगा.

एसएस निघालेल्यांच्या घरी आशाताईंसोबत जाऊन चार गोष्टी समजावा: भरपूर पाणी, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात; थंडीत अंग गरम ठेवणं; १०१ अंशांवर ताप किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना; हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि रक्त तपासत राहूनच. रक्त कमी दिसलं म्हणून लोहाच्या गोळ्या वाटू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

पॉझिटिव्ह नावांची वही वेगळी ठेवा: पुढच्या तपासणीची तारीख, कोण सोबत गेलं, रिपोर्ट हातात पडला का. वीटभट्टीवरचं कुटुंब मधेच हललं, तर नवा पत्ता नातेवाइकांकडून घ्या. ठेकेदाराला विचारायला गेलात, तर निकाल त्याच्यापर्यंत पोचतो आणि कामही जाऊ शकतं.