बाबांना टूल गिफ्ट द्यायचंय? आधी त्यांची पेटी उघडून बघा

बाबांना काय द्यायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा शर्ट नाहीतर पाकीट घेऊन मोकळे होतो. पण जे बाबा नळ गळायला लागला की स्वतःच खाली बसून उघडतात, त्यांना एखादं चांगलं हत्यार मिळाल्यावर जो आनंद होतो तो शर्टाने होत नाही, आणि त्याला पैसेही फार लागत नाहीत.

पहिलं काम म्हणजे ते घरी नसताना त्यांची टूलची पेटी उघडा. काय नाहीये ते बघाच, पण त्याहून जास्त काय झिजलंय ते बघा, कारण जे झिजलंय तेच ते रोज वापरतात. माझ्या बाबांचा एक स्टार स्क्रू ड्रायव्हर होता, टोकाच्या चारही कडा गुळगुळीत झालेल्या, मुठीला तडा गेला म्हणून वर काळी टेप गुंडाळलेली, ती टेपसुद्धा चिकट होऊन हाताला लागायची. जोर दिला की टोक सटकायचं, स्क्रूचं डोकं खराब व्हायचं आणि मग तो एक स्क्रू काढण्यात अर्धा तास जायचा. मी तेव्हा पेटी न बघताच त्यांना शंभर पीसवाला मोठा सेट दिला होता. दिसायला मस्त, पण लोखंड इतकं मऊ की थोड्याच दिवसांत त्यातले बिट्स पिळले गेले आणि एक सॉकेट चक्क फाटला. बाबा काही बोलले नाहीत, परत तोच टेपवाला स्क्रू ड्रायव्हर काढला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, तेवढ्याच पैशात एकच वस्तू घ्या पण चांगली घ्या.

स्क्रू ड्रायव्हरच घ्यायचा असेल तर स्टारमध्ये 2 नंबर घ्या (दांड्यावर पीएच 2 असं कोरलेलं असतं), घरातले बरेचसे स्क्रू त्यानेच निघतात. स्टील क्रोम व्हॅनेडियम असावं, टोकाला मॅग्नेट असेल तर उत्तम, म्हणजे उंचावर काम करताना स्क्रू पडत नाही. आणि मूठ जाड, रबरी बघा. वय झालं की बोटांची पकड कमी होते, बारीक मुठीवर जोर लागत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही आणि ते सांगत नाहीत.

मेजर टेप 5 मीटरची पुरते, लॉक चांगला लागतो ना ते दुकानातच ओढून बघा. तिच्या टोकाचा हुक थोडा हलतो म्हणून बरेच जण ती खराब समजून बदलून घेतात, तसं करू नका. तो मुद्दामच ढिला ठेवलेला असतो, हुकाची जेवढी जाडी तेवढाच तो पुढेमागे सरकतो, म्हणजे कडेला अडकवून मोजा किंवा भिंतीला टेकवून मोजा, माप बरोबरच येतं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं गिफ्ट मात्र हेडलॅम्प! सिंकखाली वाकून एका हातात पाना, दुसऱ्या हाताने पाइप धरलेला आणि मोबाईल दातात, हे दृश्य तुम्ही पण बघितलं असेलच. डोक्याला लावायचा दिवा दिला की दोन्ही हात मोकळे. खाली झुकवता येणारा आणि मंद उजेडाचा मोड असलेला घ्या, जवळच्या कामाला फार प्रखर उजेड डोळ्यावर येतो.

याहून कमी बजेट असेल तर एलन कीचा (सहाकोनी खाचेच्या स्क्रूसाठीच्या वाकड्या किल्ल्यांचा) सेट बघा, एका टोकाला गोल बॉल असलेला, तो तिरका घालूनही फिरतो (शेवटचं घट्ट करायला मात्र दुसरं, सरळ टोक वापरायचं). नाहीतर 18 मिलिमीटर रुंद ब्लेडचा कटर आणि जादा ब्लेडचं पाकीट, एखादी छोटी मॅग्नेटवाली पाणसळ, किंवा नुसती चांगली कानस. हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) घरात असेल तर नवीन ब्लेड द्या, लावताना दात पुढच्या बाजूला.

विजेची कामं करणारे बाबा असतील तर इथे कंजूषी नको. पक्कड घेताना मुठीवर 1000 व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण आहे का बघा. नुसतं रंगीत प्लास्टिक चढवलेली मूठ म्हणजे इन्सुलेटेड (विजेपासून वाचवणारी) नव्हे, दोन्ही दिसायला सारख्याच असतात म्हणून सांगतोय. आणि चांगली पक्कड आली तरी मेन स्विच बंद करूनच काम करायला सांगा.

देताना जुनं हत्यार मात्र फेकू नका, बाबांचा तो टेपवाला स्क्रू ड्रायव्हर आता रंगाचे डबे उघडायच्या कामाला आहे. आणि बिल जपून ठेवा, माप चुकलं तर बदलून आणता येतं.