सॅटेलाइटच्या कोणत्या पायरीवर उतरायचं?

2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं देशभर बंद झालं, त्यामुळे मुंबईकर खेळाडू आता गोव्याच्या कसिनोंकडे बघतात. सॅटेलाइट म्हणजे मोठ्या स्पर्धेची जागा बक्षीस देणारी छोटी, स्वस्त स्पर्धा; अशा एकावर एक पायऱ्या असतात. पायऱ्यांच्या सॅटेलाइटचं गणित मात्र ऑनलाइनचंच लागू पडतं.

समजा मुख्य स्पर्धेची प्रवेश फी 40,000 रुपये आहे. मेगा सॅटेलाइट 4,400 ला (त्यातले 400 आयोजकाचे), दहा जणांमागे मुख्य स्पर्धेची एक जागा. त्याखालची पायरी 440 ला, अकरा जणांमागे मेगाचं एक तिकीट. सरासरी खेळाडूला मेगातून जागा 44,000 ला पडते, खालून आलात तर 48,400 ला. प्रत्येक पायरीवर आयोजकाचा वाटा कापला जातो, म्हणून खालची पायरी दिसते तेवढी स्वस्त नसते. शिवाय खालून सुरुवात म्हणजे गोव्यात एखादी रात्र जास्त, ऑफिसची आणखी एक सुट्टी. खाली नवखे जास्त असतात हे खरं. तुम्ही त्यांच्यापेक्षा खरंच सरस असाल तरच तिथे उतरा.

सगळ्यात आधी हमीच्या जागा बघा, म्हणजे खेळाडू कमी आले तरी आयोजक देणारच अशा. मेगात पाच जागांची हमी असेल तर त्यांची किंमत 2 लाख. नोंदणी बंद व्हायच्या सुमारास 38 च जण असतील, तर तुमच्या 4,400 ची किंमत सरासरी 5,263 होते. अशी संधी सोडू नका. त्यासाठी उशिरा नोंदणी करा, आकडा पाहून.

जिंकलेल्या जागेऐवजी रोख पैसे मिळतात का, तेही आधी विचारा. मिळत नसतील आणि मुख्य स्पर्धेच्या दिवशी तुम्हाला परळला कामावर असायचं असेल, तर कुठल्याच पायरीवर बसू नका.