मृगाआधी ड्रायरच्या पाइपाची तयारी

७ जूनच्या सुमारास मृग लागतो. मग घोडबंदर रोड असो की खारघर, दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस दमटच राहतो आणि ड्रायर रोज फिरायला लागतो. म्हणून त्याच्या पाइपाची सफाई मे महिन्यातच उरकावी. जाळी बहुतेक घरांत साफ होते (ती दर वेळी व्हायलाच हवी), पण पाइपाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. कपड्यांचं तूस तिथेच साठतं. ते चटकन पेट घेतं, आणि पाइप तुंबला की गरम हवा कोंडून मशीनही जास्त तापतं.

कंडेन्सर किंवा हीट पंपवाल्या ड्रायरला बाहेर जाणारा पाइप नसतो. त्यांनी पुस्तिकेप्रमाणे जाळी, कंडेन्सर आणि पाण्याची टाकी बघितली की झालं.

बाकीच्यांनी स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मास्क, हातमोजे, व्हॅक्यूम क्लीनर, लांब लवचिक दांड्याचा गोल ब्रश, जुने पेपर आणि अॅल्युमिनियमची चिकटपट्टी काढून ठेवावी. कापडी टेप नको, उष्णतेने सुटते. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर धातूचा आणावा. बहुतेक पाइप ४ इंची असतात, तरी जुन्याचं तोंड मोजूनच दुकानात जावं. शिवाय मदतीला आणखी एक माणूस हवाच. आपल्याकडे ड्राय बाल्कनीत ड्रायर बऱ्याचदा वॉशिंग मशीनच्या डोक्यावर असतो, तो एकट्याने ओढायचा नाही.

बटण बंद करून, प्लग काढून मशीन पूर्ण गार होऊ द्या. क्लॅम्प सैल करून पाइप सोडवा, खाली पेपर अंथरा. वळणापाशी टॉर्च मारलात तर नमद्यासारखा करडा थर दिसेल. तो ब्रशने हळूहळू सोडवा. पातळ पाइप घासताना फाटला तर पट्टी लावत बसू नका, बदला. परत बसवताना पाइप होईल तेवढा आखूड, सरळ ठेवा आणि मशीन मागे ढकलताना चेपू देऊ नका. जोडाला आत टोक येईल असा स्क्रू मारायचा नाही, त्यावर तूस अडकतं.

खरी कटकट बाहेरच्या तोंडाशी, म्हणजे कबुतरं! झडप तुटलेली दिसली की ती आत काड्या भरतात. त्यावर मच्छरदाणीची जाळी ठोकणं हा लोकप्रिय पण वाईट उपाय, कारण ती तुसाने बुजते. झडपच नवी लावा: मशीन चालू असताना उघडणारी, बंद झाल्यावर मिटणारी. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत ड्रायर बंद, कपडे पंख्याखाली. विष्ठा सुकी झाडू नका, पाणी शिंपडून मास्क लावून पुसा. ग्रिलबाहेर वाकायचं नाही. वरच्या मजल्यावर असाल तर सोसायटीच्या ऑफिसात सांगून दोरावर काम करणारी माणसं बोलवा. पाइप काचबंद बाल्कनीतच सोडलेला असेल तर तो आत्ताच बाहेर काढून घ्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरेल.

शेवटी मशीन थोडा वेळ चालवून झडप नीट उघडते का बघा. पुढे कपडे वाळायला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला, किंवा मशीन हाताला चटका देऊ लागलं, तर पाइप पुन्हा सोडवा. मालिशीची तेलकट दुपटी आणि स्वयंपाकघरातली फडकी ड्रायरमध्ये टाकू नका. आणि ड्रायर लावून झोपणं किंवा भाजी आणायला खाली उतरणं बंद.